अर्ज आला, सांगावा गेला

सरकारी कचेरीत ज्यांनी कधीकाळी अर्ज दिला असेल त्यांना बारनिशीचे टेबल ठाऊक असते. दारातून आत शिरल्यावर खिडकीच्या उजेडात, जाड पुठ्ठ्याची दोन रजिस्टरे पुढ्यात मांडून बसलेला तो कारकून. एक रजिस्टर आवकेचे, दुसरे जावकेचे. आपण कागद पुढे करतो. तो त्यावर तारखेचा शिक्का उठवितो, रजिस्टरात क्रमांक घालतो, आणि तोच क्रमांक आपल्या दुसऱ्या प्रतीवर लिहून ती प्रत आपल्या हाती देतो. ती पोच. मग केव्हातरी शिपाई येतो आणि साठलेले कागद ज्याच्या त्याच्या टेबलावर नेऊन टाकतो. या साध्या विधीत चार कामे उरकलेली असतात. कागद योग्य नमुन्यात आहे की नाही हे पाहणे, त्याची नोंद करणे, देणाऱ्याला पोच देणे, आणि पुढचे काम ज्याने करावयाचे त्याच्यापर्यंत वर्दी पोचविणे. माझी एकतीस वर्षांची नोकरी अशाच एका कचेरीत गेली आणि त्यातली पहिली चार वर्षे त्याच टेबलामागे.

आज मला ज्या विषयावर बोलावयाचे आहे तो वरवर पाहता अगदी नवा आहे. कोणी एक माणूस मोबाइलवर फॉर्म भरतो, तळाचे ‘सादर करा’ हे बटण दाबतो, आणि कोणाचाही हात न लागता त्याच्या अर्जाची नोंद होते, त्याला पोच जाते, व संबंधित कार्यकर्त्याच्या ई-मेलच्या पेटीत सांगावा येऊन पडतो. याला स्वयंचलित कार्यप्रवाह असे भारदस्त नाव आहे. माझ्या जुन्या डोळ्यांना मात्र ती बारनिशीच दिसते. फरक एवढाच की टेबलामागच्या खुर्चीवर कोणी बसलेले नसते. पूर्वी कारकून रजेवर गेला तर रिकामी खुर्ची पाहून आलेल्या माणसाला ते कळे. येथे खुर्ची सदाचीच रिकामी; त्यामुळे हा अदृश्य कारकून कामावर आहे की काम सोडून गेला आहे, हे पाहून कळण्याचा मार्गच नाही. या एका फरकापायी आमच्याकडे जे घडले आणि त्यावर जो इलाज केला, तो थोड्या विस्ताराने सांगतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला मंडळ म्हणजे काय हे सांगावयास नको. इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली, बंगळूर, कोठेही जा. गणपती, वाचनालय आणि कोजागिरी यांच्या आधारावर ते उभे असते. आमच्या शहरातील मंडळाकडे याखेरीज आणखी एक काम आहे. शहरात एक मोठे रुग्णालय असून तेथे उपचारांसाठी मराठवाड्यातून आणि विदर्भातून पुष्कळ कुटुंबे येतात. त्यांच्या उतरण्यासाठी मंडळाने आपल्या इमारतीत तीन खोल्या राखून ठेवल्या आहेत. पूर्वी खोलीसाठी पत्र येई, पुढे दूरध्वनी येऊ लागले. दूरध्वनी घेणारे आमचे वृद्ध व्यवस्थापक चिटोऱ्यावर नाव लिहीत आणि चिटोरा चष्म्याच्या घरात ठेवीत. चष्म्याचे घर हरवले की खोलीचे आरक्षणही हरवे. तेव्हा मंडळातील एका तरुण अभियंत्याने, ‘काका, एका रविवारचं काम आहे,’ असे मला सांगून ही नवी बारनिशी उभी केली. आणि खरोखरच ती एका रविवारी उभी राहिली. दुपारी जेवणानंतर बसलो आणि दिवेलागणीपूर्वी उठलो.

ती कशी उभी केली हे सांगावयास हवे, कारण यात गूढ असे काहीच नाही आणि कोणत्याही मंडळाला, शाळेला वा ग्रंथालयाला ते फुकटात करता येते. गूगल कंपनीने २००८ साली फॉर्मची आणि २००९ साली ॲप्स स्क्रिप्टची सोय सुरू केली. आम्ही या दोहोंचा उपयोग केला. प्रथम प्रश्नांचा नमुना तयार केला. रुग्णाचे नाव, गाव, सोबत किती माणसे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, दूरध्वनी क्रमांक, ई-मेलचा पत्ता. त्यातील कोणते प्रश्न सोडून चालणार नाहीत यावर खूण केली. तसे प्रश्न रिकामे ठेवले तर फॉर्म पुढे जातच नाही. बारनिशीचा कारकून ‘सही राहिली आहे’ म्हणून कागद परत करी, तेच हे. आकड्यांच्या जागी अक्षरे येऊ नयेत, ई-मेलच्या पत्त्याची ठेवण पत्त्यासारखी असावी, अशा अटीही घालता येतात. मात्र ठेवण बरोबर असली म्हणजे पत्ता खरा असतो असे नाही. एका अक्षराची चूक झाली तर पोच कोणा तिऱ्हाइताला जाते, आणि त्या बापड्याला आपल्याकडे खोली का मिळत आहे हे कळत नाही. हे आमच्याकडे एकदा घडले. त्या गृहस्थांनी मोठ्या सौजन्याने ‘मी सुखरूप आहे’ असे उत्तर धाडले होते.

फॉर्म तयार झाला की त्याला एक तक्ता जोडावयाचा. प्रत्येक प्रश्नाचा एक स्तंभ, प्रत्येक अर्जाची एक ओळ, आणि अगदी पहिल्या स्तंभात अर्ज आल्याची तारीख व वेळ आपोआप. हे आवकेचे रजिस्टर. येथपर्यंत कोणतीही आज्ञावली लिहावी लागत नाही. इतकेच काय, ‘नवीन उत्तर आले की मला कळवा’ एवढीच ज्याची गरज असेल त्याला फॉर्ममध्येच तशी सोय आहे. उत्तरांच्या पानावरील तीन ठिपक्यांच्या यादीत ती सापडते. ज्याचे काम तेवढ्यावर भागत असेल त्याने पुढे जाऊच नये, असे माझे मत आहे. परंतु आम्हाला अर्जदाराला मराठीत पोच द्यावयाची होती, तीत अर्जाचा क्रमांक हवा होता, आणि त्या आठवड्यात पाळी असलेल्या कार्यकर्त्यालाच वर्दी जावी अशी आमची इच्छा होती. एवढी निवड आली की आज्ञावली आली.

तक्त्याच्या ‘एक्स्टेन्शन्स’ या यादीतून ॲप्स स्क्रिप्टचे पान उघडते. त्यात पंधरावीस ओळींची आज्ञावली लिहिली. तिचे म्हणणे साधे होते: नुकत्याच आलेल्या ओळीतून नाव, तारखा आणि पत्ता घे, त्यांवरून दोन पत्रे तयार कर, एक अर्जदाराला पाठव आणि दुसरे कार्यकर्त्याला. आता ही आज्ञावली लिहून ठेवली म्हणजे ती चालू होते असे नाही. ती केव्हा चालावी हे वेगळे सांगावे लागते. त्या सांगण्याला इंग्रजीत ट्रिगर म्हणतात. मी त्याला खटका म्हणेन. खटका बसवावयाचा म्हणजे ट्रिगरच्या पानावर जाऊन, ‘तक्त्यात फॉर्मचे उत्तर आले की ही आज्ञावली चालव’ असे निवडावयाचे. त्या वेळी यंत्रणा विचारते, की ही आज्ञावली तुमच्या नावाने पत्रे पाठवील, तुम्हाला चालेल ना? आपण संमती देतो. नवख्यांची पहिली ठेच येथेच लागते. या व्यवस्थेत काही खटके आज्ञावलीला ठरावीक नाव दिले की आपोआप लागू होतात. पण अशा साध्या खटक्यांना पत्र पाठविण्याचा अधिकार नसतो, कारण त्यांनी कोणाची संमती घेतलेली नसते. पत्र पाठविणारा खटका हाताने बसवावा लागतो, आणि तो ज्याने बसविला त्याच्या नावाने व त्याच्या खात्याच्या अधिकाराने चालतो. हे वाक्य श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. आम्ही ते ध्यानात ठेवले नाही.

हीच रचना इतर कंपन्यांच्या साधनांनीही करता येते. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली फ्लो या नावाने असे एक साधन आणले आणि २०१९ मध्ये त्याचे नाव पॉवर ऑटोमेट केले. झेपियर नावाची सेवा २०११ पासून आहे. त्यांच्यात आज्ञावली न लिहिता केवळ चौकटी जोडून काम होते. सर्वांच्या मुळाशी ‘हे झाले तर ते कर’ हीच कल्पना आहे. भेद असलाच तर ‘हे झाले’ हे कळते कसे, यात आहे. एक रीत अशी की आपण दर दहा-पंधरा मिनिटांनी जाऊन टपालपेटीत डोकवावे. दुसरी अशी की पोस्टमननेच दाराची घंटा वाजवावी. दुसऱ्या रीतीत एक संगणक दुसऱ्या संगणकाला स्वतः होऊन कळवितो. तिला वेबहूक हे नाव २००७ साली जेफ लिंडसे यांनी दिले. पहिल्या रीतीत सांगावा थोडा उशिरा पोचतो. रुग्णाच्या खोलीसाठी पंधरा मिनिटांनी काही बिघडत नाही. उगीच घंटेच्या मागे लागू नये.

आता पत्राविषयी. ई-मेल हे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की त्याचे वय आपण विसरतो. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यातून पत्र पाठविण्याचा प्रयोग रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये केला, आणि नाव व ठिकाण यांच्यामध्ये ते वेलांटीदार चिन्ह घालण्याची रीतही त्यांचीच. पत्र एका सर्व्हरने दुसऱ्याच्या हाती कसे द्यावे याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले. आजही टपाल मूलतः त्याच नियमांनी चालते. ते नियम टपालखात्यासारखेच आहेत. पहिला सर्व्हर पत्र घेतो, ठेवून घेतो, पुढच्याकडे देतो. पुढचा जागेवर नसेल तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि प्रयत्न सोडून देण्यापूर्वी निदान चार-पाच दिवस वाट पाहावी असे त्या नियमांच्या नव्या आवृत्तीत सांगितले आहे. म्हणजे आमची आज्ञावली जेव्हा ‘पत्र पाठविले’ असे म्हणते, तेव्हा तिचा अर्थ ‘पत्र पेटीत टाकले’ एवढाच असतो. ते मिळाले, उघडले, वाचले, यांपैकी कशाचीही ग्वाही त्यात नाही.

शिवाय जुन्या नियमांत पाठविणारा जे नाव सांगेल ते खरे मानले जाई. कोणीही कोणाच्याही नावाने पत्र लिहावे असा तो भोळा काळ होता. त्याचा गैरफायदा घेणारे इतके माजले की पुढे पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याच्या तीन खुणा ठरल्या. एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क अशी त्यांची नावे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांना या खुणा बंधनकारक केल्या. ज्या मंडळाचे स्वतःचे संकेतस्थळ असून त्याच नावाने पत्रे जातात, त्याने त्या लावून घ्याव्यात. नाहीतर पोच अर्जदाराच्या नकोशा पत्रांच्या कोठडीत पडते आणि अर्जदार तिकडे कधी डोकावत नाही. आमच्यासारखे साधे जीमेलचे खाते असेल तर ही चिंता नाही. तेथे अडचण दुसरी आहे. साध्या खात्यातून आज्ञावलीला दिवसाला शंभर जणांनाच पत्रे पाठविता येतात. पत्रे शंभर नव्हेत, घेणारे शंभर. आमच्या कार्यकारिणीतील नऊ जणांनी ‘आम्हालाही वर्दी हवी’ असा आग्रह धरला होता. नऊ सदस्य आणि एक अर्जदार मिळून एका अर्जामागे दहा. दहा अर्ज आले की दिवसाचा शिधा संपला, आणि अकराव्या अर्जदाराला पोच नाही. हा हिशेब मी सभेत फळ्यावर मांडून दाखविला तेव्हा आग्रह मागे घेतला गेला.

त्याला आणखीही एक कारण होते. सुरुवातीला वर्दीच्या पत्रात रुग्णाचे नाव आणि आजार दोन्ही जात. नऊ जणांच्या मोबाइलवर कोणा अनोळखी बाईच्या आजाराचे नाव झळकावे, यात आपण काही अनुचित करीत आहोत असे कोणाच्या मनात आले नव्हते. आपल्या देशात डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. पण कायदा नसता तरी ते अनुचितच होते. आता पत्रात अर्जाचा क्रमांक, तारखा आणि माणसांची संख्या एवढेच जाते. बाकीचे ज्याला पाहण्याचा अधिकार आहे त्याने तक्ता उघडून पाहावे. आजाराचा प्रश्न तर फॉर्ममधून काढूनच टाकला. खोली देण्यासाठी त्याची गरज नव्हती.

आता त्या प्रसंगाकडे येतो. यंत्रणा सुरू होऊन आठ महिने झाले होते आणि सर्वजण तिच्यावर इतके प्रसन्न होते की वार्षिक अहवालात तिच्यावर एक परिच्छेद लिहिला गेला. एका सकाळी मी मंडळात वाचनालयाच्या कामासाठी गेलो असता पायरीवर एक गृहस्थ बसले होते. यवतमाळकडचे. बरोबर पत्नी आणि दहा-अकरा वर्षांची मुलगी. मुलगी आईच्या मांडीवर डोके ठेवून झोपली होती. त्यांनी मोबाइल काढून मला दाखविला. त्यावर आमच्याच फॉर्मचा शेवटचा मजकूर होता, त्यांनी त्याचे चित्र जपून ठेवले होते: ‘आपला अर्ज पोचला आहे. लवकरच कळवू.’

“साहेब, अर्ज पोचला म्हणून आलं होतं,” ते म्हणाले. “त्याच्याच भरवशावर निघालो. दोन रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात काढल्या. म्हटलं, कळवतील.”

मी तक्ता उघडला. त्यांचा अर्ज तेथे होता, नऊ दिवसांपूर्वीच्या तारखेने, सर्व रकाने भरलेला. त्याच्या मागेपुढे आणखी तीन अर्ज होते. एकाचीही वर्दी कोणाला मिळालेली नव्हती. आणि ज्या दोन रात्री हे कुटुंब व्हरांड्यात होते त्या दोन्ही रात्री आमच्या तीनपैकी दोन खोल्या कुलूप लावून रिकाम्या पडल्या होत्या.

कारण शोधावयास वेळ लागला नाही. फॉर्म आणि तक्ता मंडळाच्या खात्याचे होते, पण त्या रविवारी खटका बसविताना आमचा अभियंता स्वतःच्या कामाच्या खात्यातून आत शिरलेला होता. ते खाते त्याच्या नोकरीचे. पुढे त्याने नोकरी बदलली, तो दुसऱ्या शहरी गेला, आणि रीतीप्रमाणे जुने खाते बंद झाले. खात्याबरोबर खटकाही गेला. यात यंत्रणेचा दोष काही नाही. माणूस गेला की त्याचा अधिकार संपावा हेच योग्य. दोष आमचा, आणि त्यातही माझा अधिक. कचेरीत एका टेबलाचा कारकून बदलला की कार्यभाराची यादी करून दोघांच्या सह्या घेतल्याशिवाय मी कोणाला सोडीत नसे. येथे मुलाला शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला आणि यादी मागावयाचे राहून गेले.

खरी मेख अशी की काहीही बंद पडल्यासारखे दिसले नाही. फॉर्म चालू होता. अर्ज घेत होता, त्याची नोंद करीत होता, आणि आलेल्या प्रत्येकाला ‘लवकरच कळवू’ असे आश्वासन देत होता, कारण तो मजकूर फॉर्मचा होता, आज्ञावलीचा नव्हता. आज्ञावली चुकली तर खटका बसविणाऱ्याला तसे कळविण्याची सोय या व्यवस्थेत आहे; पण येथे तसे पत्र निघाले असते तरी ते त्याच बंद दारावर जाऊन आपटले असते. आणि आम्हा कार्यकर्त्यांच्या बाजूने पाहिले तर? वर्दी येत नव्हती. वर्दी न येण्याचा अर्थ आम्ही ‘सध्या अर्ज नाहीत’ असा घेतला. उन्हाळा होता, गर्दी कमी असते, असे कोणीतरी म्हणालेही.

त्या कुटुंबाला त्याच तासाला खोली दिली. राहिलेल्या तिघांना दूरध्वनी केले. दोघांनी दुसरीकडे सोय केली होती, तिसऱ्याने उचलला नाही. संध्याकाळी आम्ही चौघेजण त्या तक्त्यापुढे बसलो.

पहिली गोष्ट उघडच होती. सर्व खटके मंडळाच्या खात्यातून नव्याने बसविले आणि त्या खात्याची किल्ली चिटणीस व कोषाध्यक्ष या दोघांकडे राहील असा ठराव केला. पण हे झाल्यावर काम संपले असे म्हणण्याचा मोह मी होऊ दिला नाही. खटका उद्या आणखी कोणत्याही कारणाने पडेल. शंभराची मर्यादा ओलांडली जाईल, किंवा कोणी प्रश्नाचे शब्द बदलील. हे शेवटचे मी गंमत म्हणून सांगत नाही. आमच्या एका भाषाप्रेमी सदस्यांनी ‘रुग्णाचे नाव’ या प्रश्नाचे ‘रुग्णाचे संपूर्ण नाव’ असे शुद्धीकरण केले होते. आज्ञावली मथळ्यावरून स्तंभ शोधत असल्याने तिला तो सापडेना, आणि चार दिवस ‘सप्रेम नमस्कार’ या शब्दांपुढे नावाची जागा कोरी राहिली. स्तंभाच्या क्रमांकावरून शोधावे तर कोणी मध्येच नवा प्रश्न घातला की नावाच्या जागी दूरध्वनी क्रमांक येण्याचे भय. उपाय एकच: फॉर्मला हात लावणाऱ्याने नंतर स्वतः एक खोटा अर्ज भरून पाहावा.

तेव्हा मूळ प्रश्न असा होता, की बंद पडलेला कारकून आणि अर्ज नसलेला दिवस यांतला भेद घरबसल्या कळावा कसा. त्यासाठी आम्ही तक्त्यात अर्जाच्या ओळीपुढे तीन स्तंभ वाढविले. ‘पोच केव्हा गेली’, ‘वर्दी केव्हा गेली’ आणि ‘कोणी घेतला’. पहिले दोन आज्ञावली स्वतः भरते, आणि पत्र टपालात पडल्यावरच भरते, आधी नाही. तिसरा स्तंभ माणसाने भरावयाचा, आपल्या नावाने. हा तिसरा स्तंभ मला सर्वांत मोलाचा वाटतो. वर्दी चार जणांना गेली की प्रत्येकाला वाटते, दुसरा पाहील. आता वर्दी त्या आठवड्याच्या एकाच कार्यकर्त्याला जाते आणि अर्जापुढे त्याचे नाव पडते.

या स्तंभांचा आणखी एक उपयोग ध्यानी आला. जाळे मंद असले की माणसे बटण दोनदा दाबतात, किंवा आपल्याच हातून एकच खटका दोनदा बसतो आणि प्रत्येकाला दोन दोन पोचा जातात. आज्ञावलीने पत्र पाठविण्यापूर्वी आपलाच स्तंभ पाहावा. तेथे वेळ लिहिलेली असेल तर गप्प बसावे. दोन अर्ज एकाच क्षणी येऊन एकमेकांचा क्रमांक घेऊ नयेत म्हणून कुलूप लावण्याचीही सोय आहे, एकाचे काम संपेतो दुसऱ्याला दाराबाहेर थांबविणारी. आमच्याकडे दिवसाला फार तर चार अर्ज येतात. तरी कुलूप लावले. दोन ओळींचे तर काम.

मग घड्याळाचा खटका बसविला. हा अर्ज येण्यावर अवलंबून नसतो. रोज सकाळी ठरल्या सुमाराला चालतो. तो सारा तक्ता वाचतो. ज्या अर्जाला चोवीस तास उलटूनही ‘कोणी घेतला’ हा रकाना रिकामा आहे त्याचा क्रमांक चिटणिसांना कळवितो. आणि येथे मी एक अट घातली, जिच्यावर मंडळींनी थोडा वाद केला. कळविण्यासारखे काही नसले तरी पत्र आलेच पाहिजे. ‘काल अर्ज नाही’ असे स्पष्ट लिहून. रोज एक निरर्थक पत्र कशाला, असे काहींचे म्हणणे होते. मी म्हटले, रात्रीचा पहारेकरी चोर आला नाही तरी तासाचे टोल देतोच ना. आपण झोपेत ते टोल ऐकत नाही; पण एखाद्या रात्री पडले नाहीत तर जाग येते.

हा घड्याळाचा खटका बसविताना आणखी एक चूक उघडकीला आली, ती सांगून टाकतो. आज्ञावलीला तिचा स्वतःचा कालविभाग असतो, तक्त्याचा वेगळा. आमच्या आज्ञावलीत तो अमेरिकेचा राहून गेला होता. त्यामुळे खोलीची तारीख पत्रात छापताना एक दिवस मागची उमटे: येथे मध्यरात्र झाली तरी तेथे आदल्या दिवसाची दुपारच असते. दोन कुटुंबे एक दिवस आधी येऊन पोचली होती आणि आम्ही त्यांनाच समज दिली होती, की तारीख नीट वाचत जा. तारीख आकड्यांत लिहिण्याचेही आता सोडले. ५/६ म्हणजे पाच जून की सहा मे, हे वाचणाऱ्याच्या सवयीवर ठरते. महिन्याचे नाव अक्षरांत लिहिले की प्रश्न उरत नाही. मराठी अक्षरे पत्रात नीट जातात ना, अशी शंका कोणी विचारील. जातात. पोस्टेल यांच्या नियमांना केवळ इंग्रजी अक्षरेच ठाऊक होती. १९९२ मध्ये माइम नावाचे पूरक नियम आले आणि इतर लिप्यांना वाट मिळाली. आमची पोच देवनागरीत जाते, विषयाच्या ओळीसकट.

पोचेचा मजकूरही बदलला. ‘लवकरच कळवू’ हे शब्द फॉर्मच्या शेवटच्या पानावरून काढले. आता तेथे असे लिहिले आहे: ‘आपला अर्ज नोंदला गेला आहे. खोली अद्याप निश्चित झालेली नाही. एका दिवसात मंडळाचा दूरध्वनी न आल्यास कृपया खालील क्रमांकावर कळवावे.’ खाली क्रमांक आहे, आणि तो व्यवस्थापकांचा आहे. त्यांना चिटोरे लिहिण्याची मुभा पुन्हा दिली आहे. नोंद झाली आणि खोली मिळाली या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे अर्जदाराला पहिल्याच ओळीत कळते. ज्याने ते चित्र जपून ठेवले होते त्याला आम्ही या दोन गोष्टी एकच करून सांगितल्या होत्या.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आमचे कोषाध्यक्ष स्वतः एक अर्ज भरतात, आपल्या आजोबांच्या नावाने. पोच आली का, वर्दी योग्य माणसाला गेली का, आणि त्याने रकान्यात आपले नाव घातले का, हे तिन्ही पाहून मगच ती ओळ खोडतात. एका महिन्यात पाळीच्या कार्यकर्त्याने आजोबांना खरोखरच खोली दिली आणि गाद्याही झटकून ठेवल्या.

रोजचे पत्र सकाळी सात ते आठच्या दरम्यान येते. मिनिट नेमके नसते, यंत्रणा त्या तासात आपल्या सोयीने ते पाठविते. चिटणीस चहा घेताना ते पाहतात, बहुतेक न वाचताच. मागच्या पावसाळ्यात एका सोमवारी आठ वाजून गेले तरी पत्र आले नाही. सव्वाआठला त्यांचा मला दूरध्वनी आला. कोणीतरी तक्त्याच्या पानाला ‘जुलै’ असे नवे नाव दिले होते आणि आज्ञावलीला जुने पान सापडत नव्हते. पाहिले तर रविवारच्या रात्री परभणीहून एक अर्ज आलेला होता, वर्दी न गेलेला. पानाला जुने नाव दिले. नऊच्या आत खोलीची किल्ली व्यवस्थापकांच्या टेबलावर होती, आणि ती मंडळी दुपारच्या गाडीने उतरावयाची होती.